नफा एकवीस लाख, तरी चेक परत: पैसा गेला कुठे?

तूरवाली, जळगाव

नमस्कार. जळगाव एमआयडीसीत आमची डाळमिल आहे. आबांनी उभी केली, आता आबा आणि मी असे आम्ही दोघं भागीदार. चार वर्षांपासून हिशोब माझ्याकडे आहेत. मी बीएस्सी केलंय, वाणिज्य शिकलेले नाही, म्हणून कृपया सोपं करून सांगा.

मागच्या आठवड्यात सीएंनी मार्चअखेरचा कच्चा ताळेबंद दिला. विक्री ९ कोटी ६० लाख, आदल्या वर्षी ८ कोटी ४० लाख होती. व्याज, घसारा सगळं वजा जाऊन नफा २१ लाख. त्याच दुपारी बारदानवाल्याचा १ लाख ८० हजारांचा चेक परत गेला. आमचं सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेकडून लागेल तशी उचलायची रक्कम) लिमिट दीड कोटीचं, उचल १ कोटी ४२ लाख. म्हणजे आठ लाखांची जागा होती की! बँकेत विचारलं तर उत्तर आलं, "डीपीत बसत नाही."

आबांनी चष्मा लावून ताळेबंद दोनदा वाचला आणि एवढंच म्हणाले, "नफा शे, ते पैसा कथा शे?" (नफा आहे, तर पैसा कुठे आहे?) मला उत्तर देता आलं नाही. चार वर्षं वह्या माझ्याकडे असून या एका प्रश्नाचं उत्तर नाही, याचं फार वाईट वाटतंय.

आकडे देते, सगळे लाखांत, आधी मागच्या मार्चचा आणि मग यंदाचा. येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे) ९८, आता १३९. त्यातली ३५ लाखांची नव्वद दिवसांच्या वरची आहेत. माल ११२, आता १३०. आडत्यांची आणि इतर देणी ४६, आता ३८. सीसी उचल ७४, आता १४२. घसारा ७. वर्षात २६ लाखांचं सॉर्टेक्स (डाळ रंगावरून निवडणारं यंत्र) घेतलं, ते सीसीतूनच दिलं कारण तेव्हा लिमिट मोकळं होतं. जुन्या मुदत कर्जाचे ६ लाख फेडले. घरखर्च आणि आयकर मिळून ११. एका नातेवाइकाकडून १२ लाख शेकडा दोनने उचलले आहेत.

दुसरा प्रश्न. पावसाळा तोंडावर आहे. तूर पटांगणावर वाळवायची म्हणजे चार महिने आभाळाकडे बघत बसायचं. ४० लाखांचा ड्रायर घ्यावा असं मनात आहे. कर वजा जाऊन वर्षाला ११ लाख सुटतील असा अंदाज आहे, म्हणजे पावणेचार वर्षांत वसूल. घ्यावा का?

निवृत्त कर्ज अधिकारी, धुळे

ताई, आधी तुमच्या आबांना नमस्कार सांगा. मी एकतीस वर्षं बँकेत कर्ज विभागात काढली आणि आबांनी विचारलेला प्रश्न हाच खरा प्रश्न आहे. तो न विचारता दरवर्षी नफ्याच्या आकड्यावर पेढे वाटणारी माणसं मी पाहिली, आणि त्यांच्या गेटला आम्हीच सील लावलेलं पाहिलं.

नफा म्हणजे विकलेल्या मालाची किंमत वजा त्याला आलेला खर्च. विकलेल्या मालाचे पैसे आले की नाही, हे नफा-तोटा पत्रक विचारतच नाही. ट्रक गेटाबाहेर गेला, बिल फाटलं, नफा झाला. पैसे सुरतेत दुकानदाराच्या गल्ल्यात असले तरी. आपल्याकडे आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल ठरतं. त्याला तेव्हापासून द्यावं लागतं आणि कापूस घरात येतो दिवाळीच्या पुढेमागे. शेतकऱ्याला हे मधलं अंतर पाठ असतं. कारखानदार झालो की आपण ते विसरतो, कारण मध्ये बँक उभी असते.

आता तुमचा पैसा शोधू. कागद-पेन घ्या.

नफा २१ आणि घसारा ७. घसारा हा खर्च खरा, पण तो यंदा कुणाला रोख दिलेला नाही, म्हणून परत मिळवायचा. झाले २८. धंद्याने वर्षभरात एवढं पिकवलं. आता येणी ४१ नी वाढली, माल १८ नी वाढला, आणि देणी ८ नी कमी झाली म्हणजे तेवढे तुम्ही लवकर देऊन टाकले. तिन्ही मिळून ६७. पिकवले २८, अडकले ६७. म्हणजे धंद्याने वर्षभरात रोख दिली नाही, उलट ३९ लाख मागितले. त्यावर सॉर्टेक्स २६, हप्ते ६, घर आणि कर ११. एकूण ८२ लाखांची गरज. भागवली कशी? सीसी ६८ नी वाढवली आणि हातउसने १२ आणले. झाले ८०. उरलेले दोन तुमच्या बँक शिल्लकीतून गेले असणार, बघा. आबांना सांगा, पैसा चोरीला गेला नाही. तो लोकांच्या दुकानात आहे, तुमच्या गोदामात आहे आणि सॉर्टेक्समध्ये आहे.

हे ६७ का अडकले, यातच खरी गोम आहे. सोयीसाठी सगळं विक्रीवर मोजू. तुमची एका दिवसाची विक्री यंदा २ लाख ६३ हजार, मागच्या वर्षी २ लाख ३० हजार. येणी, माल आणि देणी त्या त्या वर्षाच्या आकड्याने भागली की दिवस मिळतात. मागच्या वर्षी येणी ४३ दिवसांची होती, माल ४९ दिवसांचा आणि देणी २० दिवसांची. म्हणजे तुमचा रुपया घरातून निघून परत यायला ७२ दिवस लागत होते. यंदा ५३, ४९ आणि १४, म्हणजे ८८ दिवस. माल जागच्या जागी आहे, तिथे चूक नाही. गिऱ्हाईक दहा दिवस उशिरा देतंय आणि तुम्ही पाच-सहा दिवस लवकर देताय. या सोळा-सतरा दिवसांची किंमत सुमारे ४३ लाख. उरलेले २४ निव्वळ विक्री वाढल्यामुळे, ते अडकणारच होते. विक्री वाढली की रोख वाढते असं सगळ्यांना वाटतं. उधारीच्या धंद्यात विक्री वाढली की आधी रोख आटते.

आता डीपी, म्हणजे ड्रॉइंग पॉवर. लिमिट ही बँकेने ठरवलेली कमाल मर्यादा. डीपी म्हणजे दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून (माल, येणी, देणी यांचं बँकेला द्यायचं पत्रक) आज तुमची उचल किती बसते तो आकडा, आणि दोन्हींत जो कमी तोच तुमचा. माझ्या काळच्या नेहमीच्या मार्जिनने (बँक जेवढा हिस्सा सोडून उरलेल्यावर पैसे देते तो) करतो, तुमच्या मंजुरीपत्रात टक्के वेगळे असतील तर ते घ्या. माल १३० वजा देणी ३८, राहिले ९२, त्यावर २५ टक्के मार्जिन, मिळाले ६९. येण्यांतले नव्वद दिवसांवरचे ३५ बँक धरत नाही. राहिले १०४, त्यावर ४० टक्के मार्जिन, मिळाले ६२ लाख ४० हजार. बेरीज १३१ लाख ४० हजार. तुमची उचल १४२. म्हणजे आठ लाख शिल्लक नव्हते, साडेदहा लाख जास्त उचललेले होते. बारदानवाल्याचा चेक तिथे अडकला.

अजून एक. तुमच्या मनात लिमिट वाढवून घ्यायचं येईल. रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीच्या पद्धतीने लहान उद्योगाला अंदाजित विक्रीच्या २० टक्के खेळतं भांडवल (रोजचा धंदा चालवायला लागणारा पैसा) बँकेकडून मिळू शकतं, म्हणजे ९ कोटी ६० लाखांवर १ कोटी ९२ लाख. कागदावर तुम्ही पात्र आहात. पण लिमिट दोन कोटी केलं तरी डीपी १३१ च राहणार. जुनी येणी वसूल होईपर्यंत त्या अर्जाला हात लावू नका.

आणि सॉर्टेक्स. ताई, हे रागावून नाही, काळजीने सांगतो. चाळीसगाव भागात शाखेवर असताना एक जिनिंग आमच्याकडे होती. मालक सकाळी सहाला गेटवर उभा राहणारा, कष्टाळू. दरवर्षी नफा. एका उन्हाळ्यात सीसी मोकळी दिसली म्हणून त्यातून दुसरा प्रेस घेतला. दसऱ्यानंतर कापसाच्या गाड्या गेटवर लागल्या आणि त्यांच्याकडे शेतकऱ्याला द्यायला पैसे नव्हते. सीसी प्रेसमध्ये गोठली होती. गाड्या शेजारच्या जिनिंगला वळल्या. मी त्या दिवशी तपासणीला गेलो होतो, तो माणूस वजनकाट्याजवळ उभा राहून गाड्या जाताना बघत होता. दोन हंगामांत जिनिंग बंद पडली आणि शेवटच्या वर्षापर्यंत पत्रकात तोटा दिसला नाही. सीसीचा पैसा तुरीसाठी असतो, तूर डाळ होऊन विकली की तो परत येतो. यंत्राचा पैसा सात-आठ वर्षांत हळूहळू परत येतो, म्हणून त्याला कर्जही तसंच लांबीचं हवं. बँकेत जा, सॉर्टेक्सचं बिल न्या आणि त्याच्या ७५ टक्क्यांचं, म्हणजे साडेएकोणीस लाखांचं मुदत कर्ज करून तेवढी सीसी मोकळी करता येईल का, ते विचारा. यंत्र याच वर्षी घेतलंय, जीएसटी बिल आहे, तर मॅनेजर ऐकून घेईल. स्वतः जा, चेक परत गेल्यावर बोलावणं यायची वाट बघू नका.

शेकडा दोनचे बारा लाख सर्वांत आधी फेडा. शेकडा दोन म्हणजे महिन्याला, वर्षाला चोवीस टक्के.

जिनिंगवाला, शहादा

काकांनी सगळं सांगितलंच. मी फक्त वसुलीचं बोलतो, त्यात मी पोळलो आहे.

ताई, तुमचं उद्यम रजिस्ट्रेशन (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असेलच. १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्म उद्योगाची मर्यादा विक्री १० कोटी आणि यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटी झाली आहे, म्हणजे तुम्ही उत्पादक म्हणून सूक्ष्ममध्ये बसता. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याने गिऱ्हाइकाने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायला हवेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याला चक्रवाढ. आपल्यापैकी कुणी ते व्याज मागत नाही, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. मीही मागत नाही. पण २०२३ च्या अर्थसंकल्पाने आयकरात जी तरतूद आली ती मागावी लागत नाही. मुदतीत पैसे दिले नाहीत तर त्या खरेदीचा खर्च त्याला त्या वर्षी वजाच मिळत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळतो. बिलावर उद्यम नंबर ठळक छापा आणि फेब्रुवारीत प्रत्येकाला त्याच्या खात्याच्या उताऱ्यासोबत एक पत्र पाठवा. माझ्या दोन जुन्या येण्यांचे पैसे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आले, गिऱ्हाइकाच्या सीएनेच त्याच्या मागे लागून द्यायला लावले.

माल एखाद्या मोठ्या कंपनीला जात असेल तर ट्रेड्सचंही (TReDS, बिलांवर आधी पैसे मिळवून देणारा ऑनलाइन मंच) विचारा. २५० कोटींच्या वर विक्री असलेल्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची आहे. कंपनीने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि आपल्याला लगेच पैसे मिळतात, वसुलीची जोखीमही आपल्यावर राहत नाही.

आणि वटाव, म्हणजे लवकर पैसे दिल्याबद्दलची सूट, देता का? आमच्याकडे दहा दिवसांत रोख दिली तर दोन टक्के वटाव अशी जुनी रीत आहे.

वाणिज्य शिक्षिका, अमळनेर

वटावाचा हिशोब करूनच द्या, ताई. तुमचं गिऱ्हाईक सरासरी ५३ दिवसांनी देतं. दहाव्या दिवशी दिले तर तुम्हाला पैसे ४३ दिवस आधी मिळाले. त्यासाठी ९८ रुपयांवर २ रुपये सोडले. वर्षाच्या हिशोबाने हा दर सव्वासतरा टक्क्यांच्या आसपास जातो. तुमची सीसी साडेदहाच्या आसपास असेल, तर सीसी मोकळी असताना दोन टक्के वटाव महाग आहे. शेकडा दोनचं कर्ज फेडायला मात्र तोच वटाव स्वस्त पडतो. एक टक्का दिला तर दर साडेआठच्या जवळ येतो, तो केव्हाही परवडतो. एक टक्क्यापासून सुरुवात करा.

आता ड्रायर. हा भाग मी मुलांना दरवर्षी शिकवते आणि दरवर्षी निम्मा वर्ग एकाच जागी चुकतो, म्हणून सावकाश लिहिते.

"पावणेचार वर्षांत वसूल" यात पहिल्या वर्षाचे ११ लाख आणि चौथ्या वर्षाचे ११ लाख आपण सारखेच मोजले. ते सारखे नाहीत. आधी पैशाचा दर ठरवा. बँकेचं कर्ज साडेदहाने मिळेल. व्याज खर्चात वजा होतं, म्हणून भागीदारी संस्थेच्या करदराने ते प्रत्यक्षात सव्वासात टक्के पडतं. उरलेला पैसा आबांचा. घरोघरी इथेच गफलत होते, घरचा पैसा म्हणजे फुकट. ताई, आबांचा पैसा सर्वांत महाग आहे. धंदा बसला तर बँक आधी घेऊन जाईल, आबांना शेवटी उरलं तर मिळेल. त्या जोखमीचा मोबदला म्हणून त्यांनी वर्षाला वीस टक्के अपेक्षावेत, असं मी धरते. निम्मे-निम्मे धरले तर सरासरी साडेतेरा-चौदा येते. चौदा घेऊ.

१९५८ साली मोदिग्लियानी आणि मिलर यांनी मांडलं होतं की कर वगैरे बाजूला ठेवले तर धंद्याची किंमत त्याच्या कमाईवर ठरते, पैसा कर्जाचा की घरचा यावर नाही. म्हणून "बँक ८० टक्के देतेय" असं कुणी म्हणालं, तरी ते ड्रायर घेण्याचं कारण होऊ शकत नाही. आधी ड्रायर स्वतःच्या पायावर उभा राहतो का ते बघायचं.

सहा वर्षं चालेल आणि शेवटी ५ लाखांना विकला जाईल असं धरू. पुढच्या पैशाची आजची किंमत म्हणजे वर्षाला चौदा टक्क्यांनी वाढून तेव्हा तेवढे होण्यासाठी आज लागणारी रक्कम. चौदा टक्क्यांनी सहा वर्षांच्या ११-११ लाखांची आजची किंमत ४२ लाख ७८ हजार. सहा वर्षांनी येणाऱ्या ५ लाखांची आजची किंमत २ लाख २८ हजार. बेरीज ४५ लाख. खर्च ४०. पाच लाख वर उरले, घ्यावा असं दिसतं.

पण पावसाळ्यात मिल चालवायची तर तूर लागेल. ती तुम्हाला हंगामात घेऊन साठवावी लागेल, आज साठवत नाही तेवढी जास्तीची. समजा १२ लाखांची. हे बारा लाख पहिल्या दिवशी जाणार आणि ड्रायर विकाल तेव्हा, सहा वर्षांनी परत येणार. तेव्हाच्या बारांची आजची किंमत साडेपाचच्या आत आहे. म्हणजे साडेसहा लाखांचा खड्डा. पाचातून साडेसहा गेले, उणे दीड लाख. तोच ड्रायर, तेच ११ लाख, आणि निर्णय उलटा झाला. यंत्राच्या कोटेशनमध्ये खेळतं भांडवल कधीच छापलेलं नसतं, माझे विद्यार्थी चुकतात ती जागा हीच.

हे माझे गृहीत आकडे आहेत. बारा लाख खरे किती ते तुम्हालाच माहीत. आठाच्या पुढेमागे असतील तर ड्रायर पुन्हा परवडतो.

तूरवाली, जळगाव

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. दहा दिवस लिहिलं नाही, कारण काकांचा हिशोब वाचून मी आधी गोदाम मोजायला घेतलं. तीन दिवस लागले. आबा स्वतः बरोबर होते. प्रत्येक थप्पीतून मूठभर तूर काढायची, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि मग मला लिहायला सांगायचं. तूर वजनाला बरोबर निघाली. पण मागच्या बाजूच्या दोन थप्प्या फेब्रुवारीत चढ्या भावाने घेतलेल्या होत्या, आणि मी त्या खरेदीच्याच भावाने धरल्या होत्या. बाजार त्यानंतर उतरला. सीएंनी सांगितलं, खरेदीची किंमत आणि विकून हाती येईल ती किंमत, यांत जी कमी तीच धरायची. फरक आठ लाखांचा आला. ताळेबंदावर सही व्हायची होती म्हणून बरं झालं. नफा २१ नाही, १३ आहे.

आबा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तेरा खरा शे ना? मंग बस."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बँकेत गेलो. नवीन किमतीचं स्टॉक स्टेटमेंट दिलं. डीपी अजून उतरून १२५ लाख ४० हजारांवर आली, ती मीच मॅनेजरांना करून दाखवली. सॉर्टेक्सचं बिल समोर ठेवलं. साडेएकोणीस लाखांचा मुदत कर्जाचा अर्ज त्यांनी घेतला आहे. मंजूर झाला तर उचल १२२ लाख ५० हजारांवर येते आणि डीपीच्या आत बसते. बारदानवाल्याला रोख दिली आणि माफी मागितली.

ड्रायरचे बारा लाख मी आबांना विचारले. त्यांनी पावसाळ्याच्या चार महिन्यांची तूर बोटांवर मोजली आणि सोळा म्हणाले. यंदा ड्रायर नाही. ताडपत्र्या नवीन घेतल्या.

नव्वद दिवसांवरच्या ३५ लाखांतले २२ लाख सुरतेच्या एकाच व्यापाऱ्याकडे आहेत. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, फोनवर दरवेळी "पुढच्या आठवड्यात" म्हणतात. मी पत्र पाठवणार होते. आबा म्हणाले, आधी मी समक्ष जातो, पत्र बरोबर दे. उतारा, उद्यम प्रमाणपत्राची झेरॉक्स आणि एक टक्का वटावाचा कागद त्यांच्या पिशवीत घातला, सोबत दोन किलो फटका डाळ. सकाळच्या गाडीने निघालेत. आत्ताच फोन आला होता, गाडी नंदुरबार सोडून पुढे गेली आहे.